उजव्या हाताचं माप

बायडाबाईबद्दल तुला काय ठाऊक होतं, असं कुणी सहादेव कासाराला विचारलं असतं तर त्याला फार काही सांगता आलं नसतं. तिचा हात ठाऊक होता. मनगटाचं वर आलेलं हाड, तळव्यावरचे घट्टे, डाव्या तर्जनीवर कोयता निसटून उमटलेला पांढरा व्रण. पण ती कुठल्या गावची, भावंडं किती, कुणावर रुसते, एकटी असली की स्वतःशी काय पुटपुटते, ह्यातलं काहीच नाही. इतकी वर्षं जिचा हात हातात घेतला तिचं तोंड आठवायला गेलं की पदराची किनार तेवढी डोळ्यांपुढं येते, असं तो म्हणतो, आणि म्हणताना खाली बघतो.

यंदा वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो माळेवाडीला गेला तेव्हा बायडाबाई आली नाही. मालनबाईच्या ओट्यावर त्यानं पेटी उघडली होती, बाया जमल्या होत्या, आणि कुणीतरी सहज म्हणालं, "बायडी गेली की, दादा." सहादेवनं हातातली बांगडी खाली ठेवून तिथल्या तिथं विचारलं, "गेली म्हणजे कुठं गेली?" बाया हसायला लागल्या. विचारण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण त्या कशाला हसल्या ते त्याला कळलं आणि त्याचे कान तापले. बायडाबाई आष्टीच्या बाजूला भावाकडं राहायला गेली होती, कायमची. घराला कुलूप होतं.

हसू गेल्या वर्षीचं होतं.

सहादेवचं जामखेडच्या पेठेत दुकान आहे. आता ते मुलगा कल्याण आणि सून रेश्मा बघतात. बांगड्या तयार डब्यात येतात, बाई येऊन डबा पसंत करते आणि घरी जाऊन आपली आपण घालते. कुणाचा हात धरायची वेळ येत नाही. दुकानात सहादेवला काम उरलं नाही, म्हणून सणाच्या तोंडावर तो अजून पेटी घेऊन वाड्यावस्त्यांवर जातो. म्हाताऱ्या बाया वाट बघतात, असं तो घरी सांगतो. ते खरंही आहे.

संक्रांतीला माळेवाडीत कुणी नसतं. दसरा झाला की तरणी जोडपी ऊसतोडीला कोपरगावकडं निघतात ती पाडव्याच्या आसपास परततात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. तिकडं फडात काचेची बांगडी टिकत नाही, पाचटात अडकते, मोळीच्या ओझ्यानं चुरडते. म्हणून तोडीवर बाया प्लॅस्टिकच्या दोन-दोन घालून भागवतात, आणि हिरव्या काचेची सगळी हौस वटपौर्णिमेला करतात. त्या दिवशी मालनबाईच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते.

सहादेवच्या वडिलांनी त्याला धंदा शिकवला तेव्हा काही गोष्टी बजावल्या होत्या. बाईचा हात बघायचा, तोंड बघायचं नाही. आणि घरचं विचारायचं नाही. काच फुटली असंही तोंडातून काढायचं नाही, वाढली म्हणायचं. एखादी नेहमीची बाई एखाद्या वर्षी आली नाही तर समजून घ्यायचं आणि पुढचा हात धरायचा. सहादेवनं हे सगळं इमानानं पाळलं. मुळात तो भिडस्त, त्यामुळं पाळायला जड गेलं नाही. खरं सांगायचं तर ह्या नियमांच्या आडोशाला त्याला बरं वाटे.

बायडाबाईचा हात त्यानं पहिल्यांदा धरला तेव्हा ती नवी नवरी होती. हात मऊ होता आणि भीतीनं लाकडासारखा ताठ. पुढं ती नवऱ्याबरोबर, अंगदबरोबर, तोडीला जायला लागली. तोडीच्या बोलीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटी बाई किंवा एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. बायडाबाई आणि अंगद वर्षानुवर्षं एक कोयता होते. आणि दर हंगामानंतर तिचा उजवा हात थोडा रुंद होऊन परत यायचा. डाव्याला जी बांगडी अलगद चढे ती उजव्याला अंगठ्याच्या मुळाशी अडे. शेवटी सहादेव तिच्या उजव्या हातासाठी एक माप मोठं आणायला लागला. माळेवाडीत ते माप दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं. पेटीच्या एका कोपऱ्यात त्या बांगड्यांचा वेगळा जुडगा असायचा. बायडाबाई बसली की न सांगता तो जुडगा निघायचा.

ती बोलायला फटकळ होती. "दादा, तुमचा हात कापाया लागला, आता सुनंला पाठवा," म्हणायची. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "सात जन्म ह्योच नवरा मागायचा, पन येकदा तरी त्याला बाईचा जन्म दे म्हनावं, मोळी उचलू दे." बाया लोळून हसल्या होत्या. सहादेवही गालात हसला होता, मान खाली घालून. बांगड्या भरून झाल्या की तो रिवाजाप्रमाणं वर एक बांगडी जास्तीची चढवायचा आणि "अखंड सौभाग्यवती भव" म्हणायचा. ती वाकून बांगड्यांना नमस्कार करायची. एवढाच त्यांचा व्यवहार.

गेल्या वर्षी, सण जवळ आला असताना, बाजाराच्या दिवशी सहादेव चहाच्या टपरीवर बसला होता. मागच्या बाकावर माळेवाडीचे दोन गडी बोलत होते.

"अंगद गेला म्हनं."

"व्हय. फड उठायच्या आदीच."

"बायडीचं वंगाळ झालं."

सहादेवचा चहा तसाच राहिला. अंगदला त्यानं एक-दोनदाच पाहिलं असेल, पण त्याच्या डोळ्यांपुढं अंगद आला नाही, तो उजवा हात आला. मागं वळून विचारावं असं क्षणभर मनात आलं. पण काय विचारणार? कधी गेला, कशानं गेला? आणि घरचं विचारायचं नाही हे हाडात मुरलेलं. तो उठून घरी आला.

माळेवाडीला निघायच्या सकाळी पेटी भरताना तो मोठ्या मापाचा जुडगा त्याच्या हाताला लागला. त्यानं तो काढून कपाटात मागं ठेवला. बिचारी ओट्यावरून जाता-येता बघेल, तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या तिला दिसायला नकोत. आपल्याला हे सुचलं, आपण किती समजून वागतो, असंही त्याला तेव्हा वाटून गेलं. पुढं सगळ्यात जास्त लाज त्याला ह्याच गोष्टीची वाटली.

मालनबाईच्या ओट्यावर दुपारी गर्दी होती. सहादेव सुकन्याचा, त्या वर्षीच लग्न होऊन आलेल्या पोरीचा, हात भरत होता. तिचं झालं, ती उठली, आणि तिच्या जागी दुसरा हात पुढं आला. घट्टे पडलेला, तर्जनीवर व्रण असलेला डावा हात. मागोमाग उजवा.

सहादेवचा स्वतःचा हात पुढं गेला होता. तो त्यानं मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

ओट्यावरचं बोलणं थांबलं. बायडाबाईचे दोन्ही हात तसेच पुढं होते.

"का हो दादा?" मालनबाई म्हणाली. "तिचं हात का सोडलं?"

सहादेवला वाटलं, ह्या बाया मुद्दाम करतात की काय. तो हळूच म्हणाला, "बाई, अंगदचं कळलं मला. लई वाईट झालं. आता तुझ्या हाताला मी हिरवं लेणं कसं भरू?"

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक तरणी बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "गेला म्हंजी तसा न्हाई गेला ओ. दुसरीसंगं गेला."

आता मात्र सगळ्यांना हसू आवरेना, आणि हसतानाच एकेकीला कळायला लागलं की हसू नये. पाडव्याला बायडाबाई एकटी परतली तेव्हा तिनं सांगितलं होतं की अंगद कोपरगावलाच थांबला, फॅक्टरीवर काम मिळालंय. वाडीला खरं काय ते ठाऊक होतं. पण कुणी तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं. ती कपाळभर कुंकू लावून हिंडत होती, "आमचे कामावर हायती" म्हणत होती, आणि बाया "व्हय का" म्हणत होत्या. त्या एका "व्हय का"वर तिचं सगळं चाललं होतं. उद्या सगळ्या सवाष्णींबरोबर ती वडाला जाणार, बाया तिची ओटी भरणार, म्हणजे आणखी एक वर्ष कुणी काही बोलणार नाही. आणि हे सगळं एका कासारानं हात मागं घेऊन ओट्यावर सांडून ठेवलं.

बायडाबाईनं हात मागं घेतले नाहीत. "जित्ता हाय, दादा," ती म्हणाली. "भरा."

सहादेवनं तिचा डावा हात धरला.  डावा हात भरला. मग तो सवयीनं पेटीच्या कोपऱ्याकडं वळला आणि तिथं बोटं फिरवीत राहिला. कोपरा रिकामा होता. त्यानं सगळी पेटी उलटीपालटी केली, जणू तो जुडगा दुसरीकडं कुठं सापडणार होता.

"काय हुडकताय?" मालनबाईनं विचारलं.

"हिचं उजव्याचं माप," तो म्हणाला. "आणलं नाही मी."

 त्यानं लहान मापातली जरा सैल वाटणारी एक निवडली, तिचा तळवा आवळून धरला आणि बांगडी चढवायला गेला. ती अंगठ्याच्या मुळाशी अडली. त्यानं जोर केला. काच कडकन गेली आणि तिच्या हातावर बारीक रक्ताची रेघ उमटली.

"वाढली," सहादेवच्या तोंडून आपोआप निघालं.

बायडाबाईनं पदरानं रक्त टिपलं. तुकडे गोळा करून त्याच्या पेटीच्या झाकणात ठेवले. उठताना डावा हात झटकून बांगड्या वाजवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. अर्ध्या कोयत्याला अर्धाच चुडा बरा."

त्यावर कुणी हसलं नाही. ती ओटा उतरून गेली. सहादेवला नेहमीची एक जास्तीची बांगडी आणि नेहमीचं वाक्य, दोन्ही राहून गेलं. पुढचे हात त्यानं कसे भरले ते त्याला आठवत नाही.

घरी आल्यावर तो जेवायला बसला तेव्हा रेश्मानं विचारलं, काय झालं म्हणून. त्यानं तुटक तुटक सांगितलं. कल्याण म्हणाला की अशा चुका होतात, बाया दोन दिवसांत विसरतील. रेश्मा मात्र भाकरी वाढताना थांबली.

"बाबा, टपरीवरच विचारायचं नाही का, गेला म्हणजे काय झालं?"

"आपण घरचं विचारत नाही कुणाला."

"विचारत नाही," रेश्मा म्हणाली, "पण ठरवता."

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. जेवण तसंच ठेवून तो उठला आणि कपाटातला जुडगा काढून पेटीत ठेवला.

वटपौर्णिमेच्या सकाळी तो पहिल्या एसटीनं फाट्यावर उतरला आणि चालत माळेवाडीला पोहोचला. ओढ्याकाठच्या वडाभोवती बायांची गर्दी होती. नव्या साड्या, ताटात आंबे, फेरे घालताना खोडावर चढत जाणारं पांढरं सूत. गड्यानं तिथं रेंगाळू नये, म्हणून तो लांब बाभळीखाली उभा राहिला आणि फेरे घालणाऱ्या हातांकडं बघू लागला. सगळे त्यानंच भरलेले हात होते. तो एक हात त्यात नव्हता.

पूजा आटोपून मालनबाई परत निघाली तेव्हा तो तिला आडवा गेला. मालनबाईचा चेहरा उतरलेला होता. तिनं सांगितलं की ती स्वतः बोलवायला गेली होती. तुझी ओटी मी भरते, कोन काय म्हनतंय बघू, असं म्हणाली होती. तर बायडाबाई म्हणाली, तुमी व्हा म्होरं. आणि आलीच नाही.

"घर कुठं तिचं?" सहादेवनं विचारलं.

मालनबाई त्याच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं वाडीत येणाऱ्या माणसाला मालनबाईच्या ओट्यापलीकडं एक घर ठाऊक नव्हतं.

घर वस्तीच्या टोकाला होतं, पत्र्याचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. बायडाबाई दारात सूप घेऊन पेरणीसाठी उडीद निवडत होती. कपाळावर कुंकू होतं. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा मोकळा. त्याला बघून ती उठली नाही, पण पोतं पुढं सारलं. तो पोत्यावर बसला, पेटी शेजारी ठेवली. काय बोलायचं ते वाटेत त्यानं नीट जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं.

"चुकलं माझं, बाई," एवढंच तो म्हणाला.

"चुकलंच," ती म्हणाली आणि खडा काढून फेकला.

ओढ्याकडून बायांचा कालवा ऐकू येत होता. सहादेवनं तिला सांगितलं की तिचं माप आणलंय, अजून वेळ आहे, हात भरून घेतलास तर वडाला जाऊन येशील. बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील. ती सूप हलवीत राहिली. जाणार नाही म्हणाली. त्याला वाटलं कालच्या हसण्यामुळं. त्यानं तसं म्हटलंही, की हसणाऱ्या आज विसरल्या असतील.

"हसन्याचं न्हाई, दादा." तिनं सूप खाली ठेवलं. "हसत्यात त्या, हसू द्या. त्यांचंबी कुठं समदं धड हाय. तुमी काल हात मागं घेतला ना, तवा मला आदी वाटलं तुमच्या कानावर काय निरोप आला. तिकडं काय झालं आसंल, खरंच गेला आसंल. आन…"

ती थांबली. विचारायचं नाही, ही सहादेवची जन्माची सवय. त्यानं ती जिभेवरून ढकलली.

"आणि काय?"

"हलकं वाटलं," ती म्हणाली. "घटकाभरच. मोळी उतरल्यावानी. मंग ती पोरगी बोलली आन कळलं, जित्ता हाय." तिचा आवाज एकदम खाली गेला. "आता वडाला काय मागू? त्याला सात जन्म मागू? कालच तर मी त्याला मारून मोकळी झाले हुते. तुमी चुकून केलं. मी मनातून केलं."

 दरवर्षी ह्या हातावर एक बांगडी जास्तीची चढवून आपण जे म्हणत आलो ते हिला कसं ऐकू येत होतं, हे सहादेवच्या मनात कधी आलंच नव्हतं. मोळी कुणी उचलायची, त्या विनोदावर आपण गालात हसलो होतो. तो विनोद होता का, एवढं तरी विचारता आलं असतं. त्याला तिथून उठून जावंसं वाटलं. पण उठणं म्हणजे पुन्हा हात मागं घेणं, असं वाटून तो बसून राहिला.

मग तीच म्हणाली, "आनल्यात न्हवं? वजं वाहून आनलंय, तर दाखवा तरी."

त्यानं पेटी उघडून जुडगा बाहेर काढला. हिरव्या काचेवर बारीक सोनेरी टिकल्या होत्या. तिनं एक बांगडी उन्हात धरून बघितली.

"दादा, निस्त्या हौसंच्या भरता येत्यात का? कुनासाठी न्हाई. हाताला बरं वाटतं म्हून."

सहादेवचे वडील असते तर नाही म्हणाले असते. हिरवा चुडा कशासाठी, कुणाच्या नावानं, ते त्यांनी सांगितलं असतं. सहादेवलाही दुसरं काही माहीत नव्हतं. पण काल तिच्याबद्दल त्याचं ठरवून झालं होतं तेवढं पुरे होतं.

"येतात," तो म्हणाला. हे खरं आहे का खोटं, त्याला अजून कळलेलं नाही.

तिनं उजवा हात पुढं केला. ह्या वेळी तोंडाकडं बघायचं असं त्यानं मनाशी धरलं होतं. पण हात समोर आला आणि नजर सवयीनं हातावर गेली, कालच्या बारीक खपलीवर. खपली चुकवीत त्यानं एक एक बांगडी चढवली. सगळ्या अलगद गेल्या. शेवटी जास्तीची एक हातात घेतली आणि थांबला. ती घालू का नको, हे त्यानं नजर वर न करता विचारलं. "घाला की," ती म्हणाली. त्यानं ती चढवली आणि पुढचं वाक्य म्हटलं नाही. तिनंही वाकून नमस्कार केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसती बसली, आणि मग पुन्हा सूप ओढलं. निवडताना आता दोन्ही हातांचा आवाज येत होता.

ओढ्यावरच्या बाया घरोघर परतत होत्या. ती वडाला गेली नाही. दसरा झाल्यावर मुकादमाकडं अर्धा कोयता म्हणून लागली, हंगाम उरकला आणि तिथूनच भावाकडं गेली, असं यंदा मालनबाईनं सांगितलं. तिकडं ती कशी आहे, अंगदचं पुढं काय झालं, हे मालनबाईलाही नीट ठाऊक नव्हतं. सहादेवनं खोदून विचारलं, ह्या वेळी न लाजता विचारलं, पण तिला जेवढं ठाऊक होतं तेवढंच तिनं सांगितलं.

म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं ते गेल्या वर्षीचं, त्या अंगणातलंच. सहादेव पेटी उचलून उठला होता. फाट्यावर परतीची एसटी यायची वेळ झाली होती. तिनं चहाचं विचारलं, तो नको म्हणाला. अंगणाच्या कडेला गेल्यावर तिनं मागून हाक मारली.

"दादा, पेटीचं झाकन नीट लावा. पुढं रस्ता लई उखडलाय."

"हो," सहादेव म्हणाला. "लावलंय."